उलट आट्याचा वॉल

राज कॉर्नरला ऑटो अडकला होता. पुढं बांबूंनी भरलेला ट्रॅक्टर आडवा झालेला, मागून सिटी बसवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसलेला, आणि तेवढ्यात मांडीवरचा मोबाइल टुणकन वाजला. कशाबद्दल असणार, ते मला कळलं. वाचायच्या आधीच कळलं, हे मुद्दाम सांगते. कारण नंतर दोन तास मी स्वतःला पटवून देऊन राहिले होते की मला काही ठाऊकच नव्हतं. 'वॉल क्रमांक ४१, सुजातानगर. छेडछाड, तिसरी वेळ. कर्मचारी: केरबा, कंत्राटी वॉलमन. प्रस्तावित कारवाई: करार समाप्त.' खाली दोन चौकोन, एक हिरवा 'मान्य', एक लाल 'अमान्य'. त्याखाली बारीक अक्षरात: अकरा वाजेपर्यंत निर्णय न दिल्यास प्रकरण आपोआप वरिष्ठांकडे जाईल. हा मजकूर माझाच. दोन महिन्यांपूर्वी एका दुपारी चहा पीत पीत मी तो टाइप केला होता, आणि 'आपोआप' हा शब्द मला तेव्हा लई आवडला होता. माणसाची कटकट नको, शिफारस नको, रडारड नको. ऑटोवाला मागं वळून म्हणाला, "ताई, उतरून चालत जाता का? इथं अर्धा घंटा जातो आता." मी म्हणाले, "चालू द्या." चालत काहीच नव्हतं. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

सगळं सांगायला पाहिजे, नाहीतर वाटेल ही बाई कसल्या वॉलचं घेऊन बसली. नांदेडातल्या एका टाकीखालच्या बारा वस्त्यांचं पाणी आमची हरितधारा नावाची कंपनी संगणकावरून चालवते. पूर्वी पंप रात्रभर धडधडायचे, कोळशाची वीज खायचे, टाकी ओसंडायची आणि कुणाच्याही कामाचं नसलेलं पाणी पहाटे नाल्यांतून वाहायचं. आता पंप उन्हाच्या वेळात चालतात, सौर विजेवर. प्रत्येक वस्तीच्या वॉलला, म्हणजे पाणी सोडायच्या-अडवायच्या झडपेला, मोटर बसवलेली आहे. पाळी आली की वॉल उघडतो, संपली की बंद होतो. किती वीज वाचली आणि तिच्यापायी किती कार्बन हवेत जायचा राहिला, हे कंट्रोल रूमच्या भिंतीवर दिसतं. तिथं एक झाड काढलंय, एक टन वाचला की त्याला पान फुटतं. हसू नका. मला ते झाड खरंच आवडतं. मे महिन्याच्या दुपारी ज्यानं वजिराबादेत पायी चालून बघितलंय, त्याला कार्बन काय चीज आहे हे पुस्तकातून शिकवावं लागत नाही. हे काम खोटं नव्हतं. बारातल्या अकरा वस्त्यांत ते चोख चालून राहिलं होतं, आणि ते मी केलं होतं, बिलोलीच्या जिल्हा परिषद शाळेतून आलेल्या महामायानं. आज अकरा वाजता मुंबईहून दोन प्रमाणपत्रवाले ते बघायला येणार होते. कार्बन कपात पंधरा टक्क्यांच्या वर गेलेली पाहिजे, अशी त्यांची अट. आमची भरत होती अठरा. आणि त्या अठरातले पाच टक्के गेल्या एकोणीस दिवसांत आले होते, म्हणजे एक्केचाळीस नंबरच्या वॉलला मोटर लागल्यापासून. एवढं पटकन कसं काय आलं, असं कुणीच विचारलं नव्हतं. चांगला आकडा आला की त्याला कुणी कुठून आलास म्हणून विचारत नाही.

मी आत्याला फोन लावला. पारूबाई माझी सख्खी आत्या, आबांची धाकटी बहीण, सुजातानगरात विहाराच्या मागच्या गल्लीत राहते. "आत्या, पाणी येतंय ना गं?" मी विचारलं, आणि माझा आवाज मलाच इतका गोड लागला की किळस आली. "येतंय की," आत्या म्हणाली, "तुझ्या मोबाइलात येतंय. काल मेसेज आलाय बघ, तुमच्या भागात पुरवठा शंभर टक्के सुरू. आता मोबाइलला हंडा लावू का काय, सांग बाई!" तिच्या मागं बायका खिदळल्या. म्हणजे ओट्यावर सगळ्या जमल्या होत्या, म्हणजे बोअरवर नंबर लागला होता. "परवा आलं ते केरबानं हातानं सोडलं म्हणून आलं. तीनदा सोडलं त्यानं. बाकी सहा पाळ्या कोरड्या गेल्या, माये. बोअरचं पाणी खारं हाय, डाळ शिजंना त्यात. आन् आता त्या केरबालाच काढणार म्हनं. कोण काढून राहिलंय गं त्याला, तुमच्या हापिसातलं?" मी म्हणाले, "बघते." ती म्हणाली, "बघ बाई. तू हायेस तिथं म्हणून जिवाला बरं वाटतं." फोन ठेवला तेव्हा ट्रॅक्टर हलला होता आणि ऑटो पुढं निघाला होता, आणि मला वाटत होतं की तो अजून अडकलेलाच बरा होता.

आबा बिलोलीला वॉलमन होते. म्हणजे पाळीप्रमाणे गल्लोगल्लीचे वॉल उघडणारा आणि बंद करणारा माणूस. दगडोबा वॉलमन. खांद्यावर छातीएवढी उंच लोखंडी चावी, वर आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड. मी आठ वर्षांची असेन, शाळा दुपारची होती, म्हणून सकाळी त्यांच्यासोबत हिंडायची. ते झाकण सरकवायचे, खड्ड्यात चावी बसवायचे आणि मला दांड्याच्या एका टोकाला धरू द्यायचे. फेरे मी मोजायची. पाटील गल्लीचा वॉल बावीस फेऱ्यांचा, बाजाराचा अठरा. पाणी सुटलं की जमिनीखालून आधी खसखस आवाज यायचा, मग घुमल्यासारखं व्हायचं, आणि तो आवाज पायाच्या तळव्यांना कळायचा; मी मुद्दाम चप्पल काढून उभी राहायची. एके दिवशी एका वॉलवर मी नेहमीसारखं फिरवायला गेले तर आबांनी हात धरला. "थांब. टिपका बघ आधी." वॉलच्या डोक्यावर चुन्याचा पांढरा टिपका होता, बोटानं लावलेला. "ह्याचा आटा उलटा हाय. निजामाच्या काळचा का कवाचा, कुणास ठाऊक. दुसरे ज्या बाजूनं बंद होतेत, त्या बाजूनं ह्यो उघडतो. टिपका दिसला की उलटं फिरवायचं." तंबाखूच्या डबीतला चुना प्रत्येक वॉलमनच्या खिशात असतोच, पावसाळा सरला की ते नवा टिपका लावायचे. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. बिलोलीपासून मुदखेडापर्यंत, नांदेडापर्यंत, ज्यानं कुणी चावी उचलली त्याला हे ठाऊक होतं. आणि मला.

पाणी नाही आलं की गाव आबांना शिव्या द्यायचं. धरणात पाणी नाही, पंप जळालाय, लाइट गेलीय, काही असो, शिव्या दगडोबाला. दारात उभं राहून बायका त्यांच्या नावानं बोटं मोडायच्या आणि मी चावीच्या दुसऱ्या टोकाला असायची. आणि एक घर होतं, नाव घेत नाही, ते लोक अजून आहेत तिथं. त्या घरासमोरचा वॉल उघडला की म्हातारी बाहेर यायची आणि आबांना म्हणायची, दगडोबा, दमलास बाबा, पाणी पी. आणि वरून ओतायची. ते ओंजळ धरायचे. साऱ्या गावाचं पाणी ह्या माणसाच्या हातून सुटायचं आणि त्याच पाण्यातलं घोटभर त्याला वरून ओतून मिळायचं! मी तेव्हा आठ वर्षांची होते, पण माझ्या अंगाची आग व्हायची. एकदा मी म्हणाले, आबा, पिऊ नका तिथं. ते म्हणाले, "तान लागली व्हती." एवढंच. रागवायचं मी शिकले, ते शिकलेच नाहीत. का शिकले होते आणि मला दाखवत नव्हते, हे विचारायचं राहिलं. ते जाऊन तीन वर्षं झाली. शाळेत पोरी मला पाणीवाल्याची म्हणायच्या. मग मी इंजिनीअर झाले, नांदेडला आले, आणि हरितधाराच्या मुलाखतीत वडील काय करायचे असं विचारलं तेव्हा मी म्हणाले, वॉटर डिस्ट्रिब्युशनमध्ये होते. इंग्रजीत. समोरचे खूश झाले, म्हणाले, वा, म्हणजे घरातूनच आलंय. मीही हसले. खोटं काय होतं त्यात? सांगा ना, काय खोटं होतं?

आता त्या दिवसाचं. ते टाळून टाळून किती टाळणार. सर्व्हेचा दिवस होता, एकोणीस दिवसांपूर्वी, सुजातानगर. आमची प्रकल्पप्रमुख तनुजा होती. पुण्याची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, माणूस म्हणून खरंच चांगली, मला माया म्हणते, तिच्या डब्यातलं देते. मोटर बसवणारे दोघं होते. आणि केरबा होता, त्या वस्तीचा कंत्राटी वॉलमन, पन्नाशीचा, खांद्यावर चावी घेऊन. त्यानं झाकण काढलं. तनुजा वाकली, मी वाकले. वॉलच्या डोक्यावर पांढरा टिपका होता. ताजा, ठळक, पावसानंतर लावलेला. मला तो दिसला आणि माझ्या तळपायांना गार लागलं, बूट असून. तनुजा म्हणाली, "हे पांढरं काय आहे?" केरबा म्हणाला, "म्याडम, त्यो..." आणि त्याच्या मधेच मी बोलले. माझा आवाज मला अजून ऐकू येतो. मी म्हणाले, "अगं, हे लोक तंबाखू खातात ना, त्याचा चुना असेल. पुसा हो तो." हे लोक. तनुजा हसली. केरबानं माझ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं, मग खांद्यावरच्या पंच्यानं टिपका पुसला. मोटरवाल्यानं विचारलं, मॅडम, दिशा? फॉर्मवर दोन पर्याय होते, सरळ आणि उलट. मी 'सरळ'वर टिचकी मारली. कारण उलट म्हणाले असते तर तनुजानं विचारलं असतं, तुला कसं कळलं गं? आणि मग आबा, चावी, ओंजळ, सगळं त्या खड्ड्याच्या काठावर मांडावं लागलं असतं. मी मनात म्हणाले, नंतर ऑफिसातून गुपचूप दुरुस्त करीन. त्याच संध्याकाळी बसलेही होते. पण दिशा बदलायची तर कारण लिहावं लागतं, आणि ती चौकट मीच सक्तीची केलेली. कारण काय लिहू? पाच मिनिटं रिकाम्या चौकटीकडं बघत बसले आणि संगणक बंद केला. मग दुसरा दिवस आला, मग तिसरा, आणि मग दुरुस्त करायचं म्हणजे इतके दिवस का नाही केलं हेही सांगावं लागणार होतं.

तेव्हापासून सुजातानगरची पाळी आली की सिस्टिम म्हणते उघड, मोटर फिरते आणि वॉल बंद होतो. पाळी संपली की सिस्टिम म्हणते बंद कर, आणि वॉल सताड उघडतो, कोरड्या पाइपावर, कारण तोवर टाकीवरून ती लाइनच बंद झालेली असते. प्रत्येक गल्लीत मीटर बसवायला पैसे नव्हते, म्हणून वॉल किती उघडा आणि त्याच्या अलीकडं, टाकीच्या बाजूला, दाब किती, ह्यावरून पलीकडं किती पाणी गेलं हे माझं सूत्र ठरवतं. वॉल बंद असला की अलीकडं दाब झकास असतो. म्हणून शंभर टक्के पुरवठा. टाकीतून मात्र पाणी कमी जातं. सिस्टिम म्हणते गळती थांबली. टाकी भरलेली राहते, म्हणून पंप कमी चालतो, म्हणून वीज वाचते, म्हणून झाडाला पानं फुटतात. आत्याच्या गल्लीत डाळ शिजत नव्हती आणि आमच्या भिंतीवर पानं फुटून राहिली होती. हे सगळं मला श्रीनगरच्या वळणावर, ऑटोत बसून, पहिल्यांदा सलग कळलं असं मी म्हणणार होते. खोटं आहे ते. तुकड्यातुकड्यांनी मला रोज कळत होतं.

ऑफिसात पोचले तेव्हा पावणेदहा झाले होते आणि केरबा बाहेरच्या बाकड्यावर बसला होता. चावी भिंतीला टेकवलेली, शर्टाला इस्त्री, हातात नोटिशीचा कागद चारदा घडी घातलेला. मला बघून उभा राहिला. मी म्हणाले, "बसा." बसला नाही. "म्याडम, मशीन म्हणती मी वॉल बंद केला. म्या बंद न्हाई केला. म्या उघडला. लोकांला पाणी भेटलं, इचारा कुनालाबी." मी म्हणाले, "माहीत आहे." तो म्हणाला, "त्यो उलटा हाय. चौदा वर्सं फिरवून राहिलो त्याला. त्या दिशी मी सांगणार व्हतो, पर..." तो थांबला. "जाऊ द्या. तुमाला तरी कसं म्हाईत असंल. टिपक्याचं कुठं पुस्तकात असतंय? शिकल्याली मानसं तुमी." त्यानं मला माफ केलं होतं. जे मी केलंच नव्हतं त्याची माफी. आणि जे केलं होतं ते त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. मी मोबाइल काढून त्याच्यासमोर 'अमान्य' दाबलं. सिस्टिम म्हणाली: कारण लिहा. ती चौकट परत. मी लिहिलं, 'तांत्रिक शंका'. सिस्टिम म्हणाली: अपुरे कारण, प्रकरण वरिष्ठांकडे पाठवले आहे. हाही नियम माझाच. "झालं का म्याडम?" केरबानं विचारलं. मी म्हणाले, "होईल." आणि आत पळाले. हो, पळालेच.

आत तनुजा प्रोजेक्टरची वायर घेऊन खुर्चीवर चढली होती. म्हणाली, "माया, आलीस? चेहरा का असा? अगं, अठरा टक्के! झोप लागायला पाहिजे तुला." मी म्हणाले, "तनुजा, एक्केचाळीस नंबरमध्ये घोळ आहे वाटतं." ती खाली उतरली. मी सांगितलं. आटा उलटा असावा, असं म्हणाले. असावा. ती लगेच खुर्चीत बसली आणि बोटांवर हिशेब करायला लागली; डोकं चालतं तिचं. "म्हणजे पाच टक्के गेले. तेरा. म्हणजे प्रमाणपत्र गेलं." मग माझ्याकडं वर बघून म्हणाली, "त्या लोकांना सहा पाळ्या पाणीच नाही?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आलं नव्हतं, हे मी तेव्हा नोंदवलं आणि मला स्वतःची चीड आली. ती म्हणाली, "लपवायचं नाही. प्रमाणपत्रवाल्यांसमोरच उलटं फिरवून दाखवायचं. साडेअकराला पाळी आहे ना सुजातानगरची? दाखव." मग माझा दंड धरून म्हणाली, "शोधलंस कसं पण?" मी म्हणाले, "आकडे बघता बघता." दुसऱ्यांदा. त्याच विहिरीत दुसऱ्यांदा उडी मारली मी, आणि ह्या वेळी कुणी ढकललंही नव्हतं. कॉफी आली. ती न पिताच मी स्क्रीन लावायला उठले.

अकराला सगळे बसले. दोघं प्रमाणपत्रवाले, आमच्या कामावर देखरेख करणारे इंजिनीअर हणमंतराव साहेब, तनुजा आणि मी. हणमंतरावांच्या मोबाइलवर केरबाचं प्रकरण येऊन पडलेलं होतंच. ते कपाळाला आठ्या घालून वाचत होते. साडेअकराला पाळी सुरू झाली. भिंतीवर सुजातानगर हिरवं झालं, शंभर टक्के. मी म्हणाले, "आता मी हा वॉल बंद करायचा हुकूम देते. खरं तर पाणी बंद व्हायला पाहिजे." हुकूम दिला. नव्वद, ऐंशी, साठ. वस्ती पिवळी झाली, मग लाल. पुरवठा बंद, असं स्क्रीन ओरडून राहिली होती. आणि अलीकडचा दाब, जो बंद वॉलला वाढायला पाहिजे, तो पडायला लागला. टाकीची पातळी उतरायला लागली. तेवढ्यात माझा फोन थरथरला, आत्या होती. मी उचलला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली, "आलं गं माये! लई जोरात आलं, नळाची तोटी उडाली सोनटक्क्याची!" मी फोन बंद केला. पंप सुरू झाला. एक्केचाळीस नंबरचे एकोणीस दिवस मी हिशेबातून वगळले, तशी झाडाची पानं एकामागून एक गळाली आणि आकडा तेरावर येऊन थांबला. तेव्हा प्रमाणपत्रवाल्यांतला थोरला, चष्मेवाला, टाळ्या वाजवायला लागला. म्हणाला, चूक स्वतः शोधून आमच्यासमोर उघडी करणारी टीम आम्ही पहिल्यांदा बघितली. सहा महिने वाढवून देतो, खरे आकडे आणा. मग म्हणाला, "मॅडम, अभिनंदन." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं. हेही सांगून टाकते. पोटापासून बरं वाटलं, आणि मनात आलं की झालं, पाणी आलं, केरबा वाचला, मीही वाचले, आता गप्प बैस.

हणमंतरावांनी केरबाला आत बोलावलं. तो चावी बाहेर ठेवून आला, दारापाशीच उभा राहिला. हणमंतराव म्हणाले, "तुझं छेडछाडीचं प्रकरण रद्द. वॉल उलट आट्याचा निघाला. मॅडमनी शोधून काढलं." केरबा म्हणाला, "हाव साहेब. बरं झालं." हणमंतरावांचं तेवढ्यावर भागलं नाही. जुने इंजिनीअर ते, हातानं कामं केलेले. म्हणाले, "पण थांब. उलट आट्याच्या वॉलला तुम्ही वॉलमन लोक चुन्याची खूण करता ना? ह्याला होती?" "व्हती साहेब." "मग सर्व्हेत दिसली कशी नाही? गेली कुठं?" केरबा खाली बघत म्हणाला, "म्या पुसली." "तू? कुणी सांगितलं होतं पुसायला?" केरबानं हातातल्या नोटिशीला आणखी एक घडी घातली. मग म्हणाला, "माझ्याच हातानं पुसली साहेब." हणमंतराव खुर्चीत मागं रेलले. "म्हणजे तुला ठाऊक होतं, तरी खूण पुसलीस, आणि वस्ती सहा पाळ्या कोरडी ठेवलीस. मग छेडछाड काय वाईट होती? हे त्याहून मोठं आहे. ह्याचं नाव मी यादीतून काढतो, तनुजा मॅडम. असा माणूस नको." तनुजानं मान वर केली. तिला तो दिवस आठवला होता. तिला आठवलेलं मला दिसलं. ती काही बोलली नाही. ती मला वाचवून राहिली होती की माझी वाट बघून, ते मला अजून कळलेलं नाही.

मी उभी राहिले. "साहेब, मी पुसायला लावली," मी म्हणाले. हणमंतरावांनी हात हलवला, "असू द्या हो, तुम्हाला काय माहीत खूण असते म्हणून." तनुजाही पटकन म्हणाली, "तिला कुठून माहीत असणार, चुकून..." सगळे मला दार उघडून देत होते. मी म्हणाले, "माहीत होतं. चुन्याचा टिपका म्हणजे काय, ते मला आठ वर्षांची असल्यापासून माहीत आहे. माझे वडील वॉलमन होते. दगडोबा, बिलोलीचे. मी त्यांच्यासोबत वॉल फिरवलेत. त्या दिवशी टिपका बघितल्याबरोबर मला कळलं होतं. सांगितलं असतं तर तुला कसं ठाऊक म्हणून विचारलं असतं. वडील वॉलमन होते, हे सांगायची मला लाज वाटली. म्हणून पुसायला लावला, म्हणून फॉर्मवर सरळ लिहिलं. केरबांचा ह्यात काही दोष नाही." थोरल्या प्रमाणपत्रवाल्यानं चष्मा काढला. तनुजा माझ्याकडं बघेना. हणमंतराव सावकाश म्हणाले, "एकोणीस दिवस?" मी म्हणाले, "एकोणीस दिवस." त्यांनी मोबाइल उचलला आणि केरबाच्या प्रकरणावर काहीतरी दाबलं, मग तो माझ्या बाजूला सरकवला, तिथं कर्मचाऱ्याच्या नावाची जागा आता रिकामी होती. मी माझं नाव लिहिलं. दोन अक्षरं चुकली, परत लिहिली.

मला वाटलं, आता हलकं वाटेल. केरबा अजून दारापाशीच उभा होता. त्यानं आत आल्यापासून पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं नीट बघितलं. राग नव्हता तोंडावर. काहीतरी समजून घ्यायचा प्रयत्न करणाऱ्या माणसासारखा तो बघत होता.

"लाज कशाची वाटली?" त्यानं विचारलं. "मी बी वॉलमनच हाय की, म्याडम."